एका सकाळची दौड, सहा महिन्यांचा शिधा

आळंदी हे चालणाऱ्यांचे गाव. दरवर्षी येथून पंढरपूरकडे पालखी निघते आणि लाखो पावले तिच्यामागे पडतात. याच परिसरात, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी फुफ्फुसांच्या आरोग्यासाठी निधी-दौड काढण्याचा विचार मांडला आहे. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये असा निधी जमतो. धावणारा आप्तेष्टांकडून देणग्या मिळवितो आणि त्या सेवाभावी संस्थेकडे जातात. कल्पना स्तुत्य आहे. परंतु जमलेला पैसा कोणाच्या दारी आणि किती दिवस पोहोचणार, हे दौडीआधीच ठरले पाहिजे. त्यासाठी क्षयरोगाचा इतिहास पाहणे उपयोगी पडेल.

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. कारण कळले, पण परिणामकारक औषध सापडण्यास पुढे साठ वर्षे लागली. मधल्या काळात स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच इलाज होता, आणि तो गरिबाच्या आवाक्याबाहेरचा होता. 1904 साली डेन्मार्कमधील आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याला एक साधी युक्ती सुचली. नाताळच्या पत्रावर टपाल तिकिटाशेजारी आणखी एक छोटे तिकीट लावावे आणि त्याचे पैसे क्षयग्रस्त मुलांसाठी वापरावेत. पहिल्याच वर्षी अशी चाळीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. आपल्याकडे 1939 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय क्षयरोग संघटनेने स्वातंत्र्यानंतर हाच मार्ग धरला. 2 ऑक्टोबरपासून विक्रीस येणारी ती तिकिटे आमच्या पिढीतील अनेकांनी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतील. मोठ्या दात्याची वाट न पाहता सामान्य माणसांच्या पैशा-पैशातून उभा राहिलेला हा निधी होता. आजची दौड त्याच कुळातली.

औषधाचा इतिहास तर आपल्या शेजारचाच आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 साली अमेरिकेत लागला. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. ज्या पिंपरीने देशाला क्षयाचे औषध दिले, तिच्या भोवतालच्या वस्त्यांतून क्षय मात्र गेलेला नाही. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे सहा-आठ कामगार, बंद खिडकी आणि वडापाववर काढलेला दिवस, एवढे त्या जंतूला पुरेसे असते.

1956 साली मद्रास येथे सुरू झालेल्या संशोधनाने 1959 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रुग्णही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक धोका होत नाही. हा रोग हवेतून पसरतो, पेल्या-ताटातून नव्हे. वेगळे भांडे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. तरीही आपल्याच घरांत खोकणाऱ्या सुनेचा पेला निराळा ठेवला जातो, याची मला अधिक खंत वाटते.

आता निधीच्या विनियोगाचा प्रश्न. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतील मासिक पाचशे रुपये 1 नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले आहेत. उणीव असते ती घरच्यांच्या आहारात. झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबीयांनाही शिधा देण्यात आला. त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी आढळले. म्हणून टी-शर्ट, पदके आणि मंडप यांवर खर्च करण्याऐवजी डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे यांवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ओतशाळेतील धुळीने होणारा सिलिकोसिस या दानाने बरा होणार नाही. तो औषधानेही बरा होत नाही, आणि शिवाय क्षयाला वाट करून देतो. 1948 च्या कारखाना कायद्याने त्याची नोंद सक्तीची केली होती. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगाराचे आरोग्य हा त्याचा हक्क मानला. तेथे देणगी नव्हे, कायद्याची अंमलबजावणी मागावयाची असते.

हिशेब अवघड नाही. एका कुटुंबाच्या शिध्यास महिन्याला दोन हजार रुपये धरले, तर सहा महिन्यांचे बारा हजार होतात. साठ धावकांनी प्रत्येकी दोन हजार मिळविले, तर दहा कुटुंबांची सोय होईल. सप्टेंबर 2022 पासून निक्षय मित्र म्हणून संस्थांना नोंदणी करता येते. रुग्णाची संमती घेऊनच त्याचे नाव कळविले जाते, आणि ते फलकावर लावावयाचे नसते. दौडीचा मार्ग चाकण-शिक्रापूर रस्त्याने मुळीच नको, तेथे ट्रकांचा धूर आहे. शाळेचे मैदान पुरेसे आहे. शिधा पोहोचविण्याची पाळी कोणी कोणत्या महिन्यात घ्यावयाची, याची वही आधी तयार करावी; धावण्याची नोंदणी त्यानंतर.