तुषारांचा गारवा आणि मुंबईची हवा

उन्हाळ्यांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील कांहीं उपाहारगृहांच्या मोकळ्या अंगणांत छपराच्या कडेनें बारीक नळ्या बसविलेल्या आढळतात. त्यांतून धुक्यासारखे तुषार सुटत असतात. हें धुकें खरोखर गारवा देतें काय, याचा आपण थोडा विचार करूं.

पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवर आटतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता भोंवतालांतून ओढून घेतें. माठांतील पाणी गार होतें तें याच नियमानें. तुषारयंत्रांत पाण्यावर मोठा दाब देऊन त्याचे केसाच्या जाडीहूनहि लहान थेंब करितात. थेंब जितका लहान, तितका तो लवकर आटतो.

परंतु हवेस जितकी तहान असेल, तितकेंच पाणी ती पिते. ही तहान मोजणें सोपें आहे. दोन उष्णतामापक घ्यावे, एकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळावें आणि दोहोंस वारा घालावा. कोरड्या व ओल्या पाऱ्यांतील अंतर हीच या गारव्याची सीमा होय.

नागपुरास वैशाखांत ४२ अंश उष्णता व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असली, म्हणजे ओला पारा सुमारें २४ अंशांवर उतरतो. वाव १८ अंशांचा! म्हणूनच तिकडे वाळ्याच्या ताट्या भिजविण्याची चाल पडली. अंधेरीस ३३ अंश व ६० टक्के आर्द्रता असतां ओला पारा सुमारें २७ अंशांवर थांबतो. वाव अवघा ६ अंशांचा, आणि उघड्यावर त्यांतीलहि बराच गारवा वारा उडवून नेतो.

शिवाय आपला घाम हाहि एक तुषारच आहे. कोंडलेल्या जागीं हवा अधिक ओली केली, तर घाम आटेनासा होतो व जीव अधिकच कासावीस होतो. म्हणून मुंबईंत आधीं सावली, मग पंखा आणि शेवटीं तुषार, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो. पूर्वेकडील कोरडा वारा सुटून पारा ३८ अंशांपलीकडे चढतो, त्या दिवशीं मात्र तुषारांचा चांगला उपयोग होतो.

पाण्याची स्वच्छताहि पाहिली पाहिजे. १९७६ सालीं फिलाडेल्फिया येथील एका संमेलनांत फुप्फुसांच्या आजारानें अनेक माणसें दगावलीं; पुढील वर्षीं त्याचें कारण असलेला लिजिओनेला हा जंतु सांपडला. तो साठलेल्या कोमट पाण्यांत वाढतो व सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासांत शिरतो. यास्तव टाकी व नळ्या वरचेवर धुणें अगत्याचें आहे.

अंगणांत बसलेल्या गिऱ्हाइकास तुषार ही चैन आहे. कुंपणाबाहेर भर उन्हांत उभ्या असलेल्या भाजीवाल्यास सावली व पिण्याचें पाणी ही जिवाची गरज आहे. विद्यार्थ्यांनीं वरील प्रयोग घरीं करून पाहावा आणि पालकांनीं त्या भाजीवाल्यासाठीं दारांत एक माठ भरून ठेवावा. गारवा देण्याचा हा उपाय कोणत्याहि हवेंत फसत नाहीं.