बालआरोग्याचा कारभार: डॉक्टर नसलेल्यांसाठीही

1970 च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि काही लाख माणसे मेली. फझले हसन आबेद तेव्हा चितगावात शेल कंपनीचा वित्त विभाग सांभाळत होते. शिक्षण ब्रिटनमध्ये झालेले, पेशा हिशेबनिसाचा, वैद्यकाशी संबंध नाही. वादळानंतर मित्रांना घेऊन ते मदतकार्यात उतरले. पुढच्या वर्षी मुक्तियुद्ध झाले आणि पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. 1972 मध्ये लंडनमधले घर विकून आलेल्या पैशांतून त्यांनी सिल्हेटकडच्या सुल्ला भागात, परतलेल्या निर्वासितांसाठी ‘ब्रॅक’ ही संस्था सुरू केली. आठ वर्षांनी याच संस्थेने बालआरोग्याच्या इतिहासातली एक फार मोठी मोहीम हाती घेतली. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणजे आरोग्यक्षेत्राचे दार बंद झाले, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी ती मोहीम कशी चालली हे समजून घ्यायला हवे.

बांगलादेशात तेव्हा जुलाबाने मुले मोठ्या संख्येने दगावत होती. उपाय सापडलेला होता. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजून कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले होते. पण जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येक खेड्यात पोहोचवण्याइतकी यंत्रणा या नव्या देशाकडे नव्हती. तेव्हा ब्रॅकने ठरवले की पाकीट नाही, तर कृती पोहोचवायची. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बायकांची पथके घरोघर जाऊ लागली. आईला नुसते सांगायचे नाही, तिच्याच हातून ते पाणी करून घ्यायचे, असा नियम होता.

खरी गंमत पुढे आहे. शिकवणारीचा पगार तिने किती घरे पालथी घातली यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसराच माणूस त्या गावात जाई, काही आयांना गाठून प्रश्न विचारी, त्यांच्याकडून पाणी करून घेई आणि नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई. आईला जेवढे आठवते, तेवढी शिकवणारीची कमाई. ही पगारपद्धत एका हिशेबनिसाच्या संस्थेत जन्माला आली, यात आश्चर्य नाही.

तरीही मोहीम अडली. आयांना कृती तोंडपाठ होती, पण घरात मूल आजारी पडले की फार थोड्या जणी ते पाणी पाजत. संस्थेने कारणे शोधली. पहिले कारण असे निघाले की शिकवणाऱ्यांपैकी अनेकांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरे औषध घेत. त्यांना ढाक्याच्या कॉलरा रुग्णालयात नेऊन रुग्ण बरे होताना दाखवण्यात आले. दुसरे कारण पुरुषांचे. घरात शब्द त्यांचा चाले आणि त्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते. मग बाजारात, मशिदीत, शाळेत सभा सुरू झाल्या आणि वापर वाढत गेला. 1990 पर्यंत ही पथके 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत पोहोचली होती. औषध तेच राहिले. बदलला तो कारभार, आणि त्यामुळे मुले वाचली. करिअर म्हणून ज्या कामाचा विचार इथे करायचा आहे, ते हे काम.

कामाचे स्वरूप

युनिसेफ (1946), ‘सेव्ह द चिल्ड्रन’ (1919), ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ म्हणजे एमएसएफ (1971), ‘अॅक्शन अगेन्स्ट हंगर’ (1979) या मोठ्या संस्था आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांत बालआरोग्याचे कार्यक्रम चालवतात. लसीकरण, कुपोषणावरचे उपचार, नवजात बाळांची काळजी, न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया हे त्यातले मुख्य विषय. प्रत्येक कार्यक्रमामागे एक व्यवस्थापक असतो.

कुपोषणाचा कार्यक्रम घेऊ. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’. पूर्वी अशा प्रत्येक मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावे लागे. आईला घरची इतर मुले सोडून तिथे राहणे जमत नसे आणि खाटाही पुरत नसत. 1996 मध्ये फ्रान्समध्ये शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट तयार झाली. 92 ग्रॅमचे पाकीट, त्यात 500 किलोकॅलरी, पाणी घालायला नको, शिजवायला नको. त्यामुळे ज्या मुलांना भूक लागते आणि दुसरी गुंतागुंत नाही, त्यांच्यावर घरीच उपचार शक्य झाले. 2005 मध्ये नायजर देशात दुष्काळाच्या काळात एमएसएफने याच पद्धतीने 60 हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने या पद्धतीला मान्यता दिली.

आता व्यवस्थापकाच्या टेबलावर काय येते ते पाहा. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला ढोबळमानाने एक खोके लागते. खोक्यात 150 पाकिटे, वजन 13.8 किलो. वर्षाला दोन हजार मुले येतील असा अंदाज असेल तर जवळजवळ 28 टन माल झाला. दक्षिण सुदानसारख्या देशात पावसाळ्यात कित्येक भागांतले रस्ते महिनोन्महिने बंद असतात. माल पावसाआधी गोदामात पडला नाही तर विमानाने न्यावा लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. अंदाज चुकून माल कमी पडला, तर मे महिन्यातली चूक ऑगस्टमध्ये मुलांना भोवते. लशींचे गणित आणखी नाजूक. त्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहायला हव्यात, आणि गोवराच्या लशीत द्रावक मिसळले की ती कुपी सहा तासांत वापरावी लागते, नाहीतर फेकावी लागते.

कार्यक्रम बरा चालला आहे की नाही, हे ठरवण्याचे आंतरराष्ट्रीय निकषही आहेत. ‘स्फिअर’ मानकांनुसार कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी 75 टक्क्यांहून अधिक बरी झालेली असावीत, मृत्यू 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि उपचार अर्धवट सोडणारी 15 टक्क्यांपेक्षा कमी असावीत. समजा एका केंद्रावर उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण 22 टक्के निघाले. हा आकडा वाचून व्यवस्थापकाला गाडी काढून त्या गावात जावे लागते. केंद्र फार लांब आहे का? केंद्राचा दिवस आणि आठवडी बाजाराचा दिवस एकच येतो का? पेरणीचे दिवस आहेत का? कर्मचारी आयांवर खेकसतात का? उत्तर मिळाले की वार बदलायचा, नवे केंद्र उघडायचे किंवा कर्मचाऱ्याशी बोलायचे. याशिवाय अंदाजपत्रक, देणगीदारांचे अहवाल, नेमणुका आणि तिथल्या आरोग्य खात्याशी समन्वय हे रोजचेच.

कोणाला येता येते

डॉक्टर आणि परिचारिका तर हव्यातच. एमबीबीएसनंतर सामाजिक वैद्यकशास्त्रात एमडी किंवा सार्वजनिक आरोग्यात एमपीएच, अथवा बीएस्सी नर्सिंग आणि अनुभवानंतर एमपीएच, हे सरळ रस्ते आहेत. पण औषधनिर्माणशास्त्र, पोषणशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, वाणिज्य आणि पुरवठा व्यवस्थापन शिकलेल्यांनाही जागा आहे. एमएसएफच्या पथकांत डॉक्टरांच्या जोडीला लॉजिस्टिक्स, हिशेब आणि मनुष्यबळ सांभाळणारी माणसे असतात. अनेक एमपीएच अभ्यासक्रम बिगरवैद्यकीय पदवीधरांनाही प्रवेश देतात.

महाराष्ट्रात यासाठी फार लांब जावे लागत नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. मुंबईतच देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. संख्याशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी ती उत्तम जागा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही एमपीएच होते. राज्याबाहेर तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र नावाजलेले आहे. परदेशीच शिकायचे असेल तर ढाक्यात ब्रॅक विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची संस्था अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना घेते. पात्रता, प्रवेश परीक्षा आणि शुल्क यांत दरवर्षी बदल होतात, त्यामुळे संस्थेच्या संकेतस्थळावरून खात्री करून घ्यावी.

पदवीइतकेच मोल क्षेत्रातल्या अनुभवाला आहे. एमएसएफसारखी संस्था साधारणपणे दोन वर्षांच्या व्यावसायिक अनुभवाची अपेक्षा धरते. हा अनुभव घ्यायला महाराष्ट्रासारखी शाळा नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये गावातल्या बायकांना आरोग्यसेविका बनवून काम सुरू केले. ते पाहायला आजही परदेशातून विद्यार्थी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर नेली. ‘सर्च’चाच ‘निर्माण’ हा उपक्रम 2006 पासून तरुणांना सामाजिक कामाची ओळख करून देतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली जिल्हा व तालुका पातळीवरची कंत्राटी पदे, मेळघाट, नंदुरबार, पालघरमधल्या संस्था, ग्राम बालविकास केंद्रे आणि पोषण पुनर्वसन केंद्रे इथे दोन वर्षे मन लावून केलेले काम जगात कुठेही मान्य होते.

भाषा आणि संगणक या दोन गोष्टींची तयारी कॉलेजात असतानाच करावी. पश्चिम व मध्य आफ्रिकेत फ्रेंच, सुदान-येमेनकडे अरबी उपयोगी पडते. एक्सेल पक्के हवे. मोबाइलवर सर्वेक्षण करण्यासाठी मदतसंस्था ‘कोबो टूलबॉक्स’ वापरतात. ते शिकायला इच्छेखेरीज फारसे काही लागत नाही. सहा महिन्यांचा अनुभव हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रमही आहे. त्यात तरुणांसाठी वेगळ्या जागा असतात.

पालकांचे प्रश्न

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार 2024 मध्ये जगभरात 383 मदत कर्मचारी मारले गेले. त्यांतले बहुसंख्य त्या त्या देशातले स्थानिक कर्मचारी होते आणि निम्म्याहून अधिक मृत्यू गाझा व सुदान या दोनच ठिकाणी झाले. सगळीकडे धोका सारखा नसतो. जबाबदार संस्था निघण्यापूर्वी सुरक्षेचे प्रशिक्षण देते, संचाराचे नियम घालते, विमा काढते आणि ठरावीक काळाने विश्रांतीची रजा देते. मुलाखतीत या चारही गोष्टी विचाराव्यात. टाळाटाळ झाली तर ती नोकरी सोडून द्यावी.

दुसरा प्रश्न स्थैर्याचा. बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात. सहा महिने, एक वर्ष, मग नूतनीकरण. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय पदांचे वेतन चांगले असते, पण तिथपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. स्वयंसेवी संस्थांमध्ये सुरुवात साधी असते. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली, यूएसएड ही संस्था गुंडाळली गेली आणि जगभरात या क्षेत्रातल्या हजारो नोकऱ्या गेल्या. येत्या काही वर्षांत स्पर्धा कडक राहणार, हे धरूनच पाऊल टाकावे. त्यामुळे मूळ व्यवसाय सोडू नये. नर्सिंगची नोंदणी, फार्मसीचा परवाना, हिशेबाचे शिक्षण जिवंत ठेवले तर परतीचा रस्ता खुला राहतो.

मुलींच्या पालकांना काळजी जास्त वाटते. या कामात बायकांची गरजही जास्त आहे. अनेक समाजांत बाळाची आई परक्या पुरुषाशी बोलत नाही. ब्रॅकची ती पथके बायकांचीच होती. मुलगी पहिल्यांदा जात असेल तर स्थिर देशातला, मोठ्या पथकाबरोबरचा कार्यक्रम निवडावा.

फसवणुकीपासूनही सावध राहावे. युनिसेफच्या किंवा संयुक्त राष्ट्रांच्या नावाने नोकरीचे पत्र येते आणि व्हिसा, तपासणी, अनामत अशा नावाखाली पैसे मागितले जातात. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीत. पैसे मागणारे पत्र खोटेच समजावे.

सुरुवात कुठून

2022 मध्ये जगात पाच वर्षांखालची 49 लाख मुले दगावली. 1990 मध्ये हा आकडा सव्वा कोटीच्या घरात होता. ही घट लस, जलसंजीवनी, पोषण आणि ते दारापर्यंत नेणाऱ्या माणसांमुळे झाली. उरलेले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत आणि त्यासाठी माणसे लागणार आहेत.

ज्या विद्यार्थ्याला हे काम खुणावते, त्याने किंवा तिने परदेशी अर्ज भरण्याआधी गावातल्या किंवा वॉर्डातल्या अंगणवाडीत मुलांची वजने घेण्याच्या दिवशी परवानगी घेऊन जावे. सेविका दंडघेर कसा मोजते, नोंद कुठे करते, गैरहजर मुलाच्या घरी कोण जाते, हे पाहावे आणि विचारावे. जमल्यास तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे. आई-वडिलांनीही एकदा सोबत जावे. घरी परतल्यावर मुलगा किंवा मुलगी त्या मुलांविषयी, त्या नोंदवहीविषयी बोलत राहिली, तर एमपीएचचे माहितीपत्रक मागवायला हरकत नाही.