चाळीस दिवसांत दोन किलो?

प्रश्न : आमच्या दारची गावठी कोंबडी भरायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर मात्र चाळीस दिवसांत दोन किलोची होते. तिला हार्मोनची इंजेक्शनं देतात, असं सगळे म्हणतात. हे खरं आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आधी साधा व्यवहार बघा. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी धरून सुई टोचणार कोण? वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. ते खाद्यातून दिलं, तर आपल्या ताटातल्या डाळीसारखं पोटात पचून जातं. टोचलं, तरी रक्तात फार वेळ टिकत नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा टोचणं आलं. करारावर पिल्लं वाढवणाऱ्याला किलोमागे जे सुटतं, त्यात हा खर्च बसणारच नाही. शेडवर औषधाच्या बाटल्या दिसतात त्या बहुधा लसींच्या असतात. मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरोची बऱ्याचदा पिण्याच्या पाण्यातून.

मग वजन येतं कुठून? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात याचा फार सुरेख प्रयोग झाला. १९५७ आणि १९७८ सालचे, पुढे कोणतीही निवड न करता जपून ठेवलेले दोन वाण आणि २००५ सालचा व्यापारी ब्रॉयलर, असे तिन्ही पक्षी एकाच वेळी, एकच खाद्य घालून वाढवले. ५६व्या दिवशी पहिला भरला ९०५ ग्रॅम, दुसरा १,८०८ आणि तिसरा ४,२०२! खाद्य तेच होतं, फरक रक्ताचा. त्याआधी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी जुना व नवा पक्षी जुन्या व नव्या खाद्यावर वाढवून हिशेब मांडला होता. वाढीतला ८५ ते ९० टक्के वाटा वंशनिवडीचा, उरलेला खाद्याचा. मका आणि सोयापेंडीत लायसिन, मेथिओनिन मोजून मिसळण्याचं श्रेय त्या उरलेल्यात येतं. गावठी कोंबडीला तेच खाद्य पोटभर घातलं, तरी ती चाळीस दिवसांत दोन किलोची होणार नाही.

हे फुकट झालेलं नाही. मांस ज्या वेगानं चढतं, त्या वेगानं हृदय आणि पाय तयार होत नाहीत. पोटात पाणी होणं, अचानक मरणं, लंगडणं ही ब्रॉयलरची खास दुखणी. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी लंगड्या आणि धडधाकट पक्ष्यांपुढे साधं व वेदनाशामक मिसळलेलं, असं दोन्ही खाद्य ठेवलं. लंगड्यांनी औषधाचं खाद्य जास्त निवडलं. जो जितका जास्त लंगडा, तितकं त्यानं औषधही जास्त घेतलं. इतक्या साध्या प्रयोगातून कोंबडीचं दुखणं कोंबडीकडूनच कळलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. रात्री पुरेसा अंधार ठेवला आणि सुरुवातीची वाढ जरा आवरली, तर पायांचा त्रास कमी होतो. युरोपीय संघाच्या २००७च्या नियमांत तर दिवसातून किमान सहा तास अंधार सक्तीचा आहे.

तुमची शंका मी प्रतिजैविकांकडे वळवीन. १९५०च्या सुमारास अमेरिकेत कळलं, की खाद्यात थोडं प्रतिजैविक मिसळलं की पिल्लं जास्त वाढतात, आणि आजार नसतानाही ते घालण्याची चाल पडली. त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात, आणि ते माणसापर्यंत पोचतात. युरोपनं वाढीसाठीचा हा वापर १ जानेवारी २००६पासून बंद केला. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं २०१४ मध्ये तिथल्या परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन खाद्यपशूंना देण्यावर आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली.

तेव्हा ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याला हार्मोनचं विचारू नका. शेवटचं प्रतिजैविक कधी दिलं होतं आणि त्यानंतर किती दिवसांनी माल उचलला, हे विचारा.