संगणकाचा धडा : 'माय डॉक्युमेंट्स' डेस्कटॉपवरून नाहीसे झाले तर?



२००२ च्या सुमारास गोवा सरकारची सायबरएज योजना सुरू झाली आणि उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी संगणक पोहोचले. पेडणे, डिचोलीतील गावांतही संगणक ही घरातील वस्तू झाली. त्यातील काही जुने संगणक आजही कोपऱ्यात, कापडाखाली झाकलेले पण चालू स्थितीत आहेत. बहुतेकांवर 'विंडोज एक्सपी' आहे. आणि त्यांच्या पोटात काय आहे? स्कॅन केलेला जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, एक-चौदाचा उतारा, पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी केलेला अर्ज, घरच्या लग्नामुंजीचे फोटो, आजोबांनी टंकून घेतलेली कुळाची माहिती.

एके दिवशी संगणक सुरू करावा आणि डेस्कटॉपवर 'माय डॉक्युमेंट्स' हा आयकॉनच दिसू नये! अशा वेळी घरात धावपळ होते. कोणी म्हणते, "व्हायरस आला." कोणी म्हणते, "फॉरमॅट करून घ्या." या धड्याचा पहिला नियम येथेच सांगतो : आयकॉन दिसत नाही म्हणून फॉरमॅट करू नये. आयकॉन गेल्याने कागद जात नाहीत, फॉरमॅट केल्याने मात्र जातात.

आयकॉन म्हणजे काय?

कदंबा बसच्या समोरची 'डिचोली' ही पाटी काढून ठेवली तर बस नाहीशी होते का? नाही. बस स्थानकावरच उभी असते, फक्त ती कुठे जाणार हे कळत नाही. आयकॉन ही अशीच पाटी आहे. आपल्या फाइली हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये असतात. एक्सपीमध्ये त्याची नेहमीची जागा अशी : सी ड्राइव्ह, त्यात 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', त्यात वापरणाऱ्याचे नाव, आणि त्यात 'माय डॉक्युमेंट्स'. विंडोज ९८ मध्ये तो थेट सी ड्राइव्हवरच असे.

आणखी एक गोष्ट. एक्सपी नव्याने घातली की डेस्कटॉपवर सहसा फक्त 'रिसायकल बिन' दिसते. 'माय डॉक्युमेंट्स' हे स्टार्ट मेनूत असते. म्हणजे काही वेळा आयकॉन 'गेलेला' नसतो, तो तेथे मुळात ठेवलेलाच नसतो.

आधी खात्री करा

१. 'स्टार्ट' बटण दाबा. उजव्या बाजूला 'माय डॉक्युमेंट्स' दिसते का पाहा. ते उघडून आपल्या फाइली आहेत का ते तपासा. असल्यास निश्चिंत व्हा, पुढचे काम दोन मिनिटांचे आहे.

२. फोल्डर रिकामा दिसला तर कोणाच्या नावाने संगणक उघडला आहे ते पाहा. एक्सपीमध्ये प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर वेगळा असतो. बाबांच्या नावाने उघडलेल्या संगणकात ताईचा प्रकल्प दिसणार नाही. आपल्या नावाने पुन्हा उघडून पाहा.

३. डेस्कटॉपवर एकही आयकॉन नसेल तर मोकळ्या जागी माऊसची उजवी कळ दाबा, 'अरेंज आयकॉन्स बाय' वर जा आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' समोर खूण करा.

आयकॉन परत आणण्याची रीत (विंडोज एक्सपी)

१. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' निवडा.
२. वरच्या पट्टीतील 'डेस्कटॉप' वर क्लिक करा.
३. खालचे 'कस्टमाइझ डेस्कटॉप' हे बटण दाबा.
४. 'जनरल' या पानावर 'माय डॉक्युमेंट्स' समोरच्या चौकोनात खूण करा. हवे असल्यास 'माय कॉम्प्युटर' समोरही करा.
५. दोन्ही खिडक्यांत 'ओके' म्हणा. आयकॉन परत दिसेल.

याहून सोपी वाटही आहे. स्टार्ट मेनूतील 'माय डॉक्युमेंट्स' वर उजवी कळ दाबा आणि 'शो ऑन डेस्कटॉप' निवडा.

त्याच 'जनरल' पानावर दर ६० दिवसांनी डेस्कटॉप साफ करणाऱ्या सोयीचा चौकोन आहे. ही सोय न वापरलेले शॉर्टकट एका वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. घरात गोंधळ नको असेल तर ती खूण काढून टाका.

इतर विंडोजमध्ये

विंडोज ९८ : मोकळ्या जागी उजवी कळ, 'न्यू', आणि तेथील 'माय डॉक्युमेंट्स फोल्डर ऑन डेस्कटॉप'.

विंडोज २००० : कोणतेही फोल्डर उघडून 'टूल्स', 'फोल्डर ऑप्शन्स', 'व्ह्यू', आणि 'शो माय डॉक्युमेंट्स ऑन द डेस्कटॉप' समोर खूण.

विंडोज ७ : उजवी कळ, 'पर्सनलाइझ', 'चेंज डेस्कटॉप आयकॉन्स', आणि 'युजर्स फाइल्स' समोर खूण. आपल्या नावाचा फोल्डर दिसू लागेल, 'डॉक्युमेंट्स' त्याच्या आत असते.

फाइलीच दिसत नसतील तर

पेन ड्राइव्हमधून येणारे काही व्हायरस फोल्डर पुसत नाहीत, लपवून ठेवतात. 'टूल्स', 'फोल्डर ऑप्शन्स', 'व्ह्यू' येथे जाऊन लपलेल्या फाइली दाखवण्याची सूचना निवडा. फिकट रंगात फोल्डर दिसले तर ते शाबूत आहेत असे समजा. 'रिसायकल बिन' ही उघडून पाहा. तेथेही काही सापडले नाही तर संगणक बंद ठेवा आणि जाणकाराला बोलवा. त्यावर नवे काही साठवू नका, कारण पुसलेल्या फाइलीच्या जागी नवी फाइल बसली की जुनी परत मिळणे कठीण होते.

आयकॉन आला, आता खरे काम

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. असे संगणक इंटरनेटला जोडू नयेत. हार्ड डिस्कही वयस्कर झाली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज ये-जा करते, गडगडाटात यंत्रे जळतात. म्हणून आयकॉन परत मिळाला त्याच दिवशी पुढील गोष्टी कराव्यात :

• संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. १६ किंवा ३२ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह पुरे. त्याहून मोठे पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने तयार होऊन येतात, ती पद्धत एक्सपीला बऱ्याचदा वाचता येत नाही.

• दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.

• मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर नव्या संगणकावर तो अगम्य अक्षरांत दिसतो. जुन्या संगणकावर तो वाचता येतो तोवरच त्याची छापील प्रत काढा.

• दाखल्यांच्या फाइलींना 'स्कॅन १, स्कॅन २' अशी नावे न देता 'आजी जन्मदाखला' अशी नावे द्या. मामलेदार कचेरीत जायच्या आदल्या रात्री शोधाशोध होणार नाही.

विश्वस्त व पालकांना विनंती : संस्थेचा वा घरातील जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील कागदांची प्रत घेतली आहे का, हे एकदा विचारा.

स्वाध्याय

१. आयकॉन आणि फोल्डर यांतील फरक एका उदाहरणाने सांगा.
२. एकाच संगणकावर दोघांना वेगवेगळे 'माय डॉक्युमेंट्स' का दिसते?
३. पुसलेली फाइल शोधायची असताना नवी फाइल का साठवू नये?
४. उपक्रम : घरातील पाच महत्त्वाच्या कागदांची यादी करा. प्रत्येकाची प्रत कुठे आहे हे मोठ्यांना विचारून समोर लिहा. ज्यासमोर जागा रिकामी राहील, त्याची प्रत या रविवारी घरच्यांच्या मदतीने करा.