स्टिलेटो : धार नसलेली सुरी

सायकल स्टँडवर उभी करून, पायाने चाक फिरवीत, सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारा कारागीर दिलसुखनगरच्या वसाहतींतून अधूनमधून दिसतो. त्याच्या हाती इटलीतील जुनी स्टिलेटो दिली, तर तो ती उलटसुलट करून पाहील आणि परत करील. धार लावायची कुठे? स्टिलेटोला धारच नसते. तिचे पाते म्हणजे त्रिकोणी, चौकोनी किंवा गोल छेदाची पोलादी कांब. वर मूठ, खाली टोक. तिने भाजी चिरता येत नाही, दोरी कापता येत नाही. ती केवळ भोसकण्यासाठी घडवलेली आहे.

असे विचित्र शस्त्र कारागिराने का घडवले असेल? शस्त्राचा आकार बहुधा त्याच्या समोर काय उभे आहे, यावरून ठरतो. मध्ययुगीन योद्धा लोखंडी कड्यांचे चिलखत घाली. तलवारीचा वार असंख्य कड्यांवर वाटला जाई आणि निष्फळ ठरे. टोकाची गोष्ट वेगळी. हाताचा सगळा जोर मोहरीएवढ्या जागेवर एकवटला की दाब अनेक पटींनी वाढतो आणि एखादी कडी उसवते. मात्र पाते पातळ असेल तर तेच वाकते किंवा मोडते. म्हणून पाते जाड हवे, आणि जाड असूनही अरुंद हवे. या दोन अटी एकत्र पाळल्या की धारेला जागा उरत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीत स्टिलेटो गाजली ती या रूपाने. तोवर चिलखत मागे पडू लागले होते आणि ही लहानशी वस्तू अंगरख्याखाली लपवण्याच्या कामी येऊ लागली होती.

तिच्या नावाचीही गंमत आहे. मेणाच्या पाटीवर लिहिण्याच्या टोकदार लेखणीला लॅटिनमध्ये ‘स्टिलुस’ म्हणत. त्यापासून इटालियनमध्ये लघुत्वदर्शक ‘स्टिलेटो’ झाला, आणि इंग्रजीतला शैलीवाचक ‘स्टाइल’ हा शब्दही त्याच घराण्यातला. इ.स.पूर्व 44 मध्ये मारेकऱ्यांनी घेरल्यावर ज्यूलियस सीझरने लेखणीच कास्काच्या हातात खुपसली, असे सुएटोनियस लिहितो. ताडपत्रावर अक्षरे कोरण्याच्या लोखंडी लेखणीला आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे ‘घंटम्’ म्हणतात. ती पाहिली की लेखणी आणि कट्यार यांच्यातले अंतर किती थोडे आहे ते कळते.

लपवता येण्याजोगे शस्त्र राज्यकर्त्यांना नकोच असते. इटलीतील अनेक सत्तांनी स्टिलेटो बाळगण्यावर बंदी घातली. व्हेनिसच्या गोलंदाजांना मात्र ती बाळगण्याची मुभा होती, कारण त्यांची स्टिलेटो ‘मोजमापाचे साधन’ होती! तिच्या पात्यावर आडव्या रेघा आणि आकडे कोरलेले असत. तोफेच्या तोंडाशी पाते आडवे धरले की तिला किती पौंडांचा गोळा लागेल ते वाचता येई. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी या रेघांकडे नीट पाहावे. गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून 1 पौंडाची रेघ ज्या अंतरावर, त्याच्या दुप्पट अंतरावर 8 पौंड, तिप्पट अंतरावर 27, चौपट अंतरावर 64. मुठीपाशी रेघा विरळ आणि टोकाकडे दाट होत जातात. व्हेनिसचा हलका पौंड सुमारे 300 ग्रॅमचा धरला, तर एका पौंडाच्या लोखंडी गोळ्याचा व्यास साधारण सव्वाचार सेंटिमीटर येतो आणि 120 पौंडांच्या गोळ्याचा सुमारे 21. म्हणजे वीतभर पात्यात सगळा तोफखाना मावतो. काही जुन्या नमुन्यांवरील आकडे मात्र या हिशेबात बसत नाहीत. ते गोलंदाजाचे अज्ञान समजायचे की परवान्यापुरती केलेली सोय, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

चिलखताचा प्रश्न आपल्याकडेही होता आणि त्याचे उत्तर आपल्या लोहारांनी निराळे काढले. पेशकब्ज या खंजिराच्या पात्याचा आडवा छेद इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा असतो. पाठ जाड आणि रुंद, पोट पातळ आणि धारदार, टोक भरीव. जोर पाठ पेलते, धारही शाबूत राहते. कट्यारीची युक्ती आणखी वेगळी: तिची आडवी मूठ मुठीत धरली की पाते मनगटाच्या रेषेत येते आणि दंडाचा सारा जोर टोकात उतरतो. इटालियन कारागिराने धार सोडून दिली. आपल्याने धार राखून मूठ आणि पाठ बदलली. यांतले अधिक हुशारीचे कोणते, असा वाद घालता येईल. मला पेशकब्जाचा छेद जास्त आवडतो. सालारजंग संग्रहालयात जहांगीराचा खंजीर आणि नूरजहानची फळे कापण्याची सुरी पाहायला आपण गर्दी करतो ती रत्नांसाठी. शस्त्रांच्या दालनात मात्र पात्याची पाठ आणि टोक पाहावे. कारागिराची बुद्धी तिथे असते.

मुठीबद्दल दोन शब्द. आज हाताने घडवलेल्या इटालियन सुऱ्यांना ऑलिव्ह, बॉक्सवुड अशा दाट कणाच्या लाकडांच्या किंवा शिंगाच्या मुठी असतात. लाकूड चांगले वाळलेलेच हवे. ते आडव्या अंगाने आकसते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. म्हणून रेषा मुठीच्या लांबीतच धरतात, नाहीतर मूठ तडकते. आपला लोहार विळ्याला मूठ बसवताना पात्याचे मागचे टोक लाल करून लाकडात जाळत घुसवतो आणि तोंडाशी लोखंडी कडे चढवतो. उंची खंजिरांच्या मुठी लाख-राळ भरून पक्क्या करीत. दिसायला साधे काम, पण हत्यार हातात राहते ते त्यामुळे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शस्त्राची गरज संपल्यावर ते घडवणाऱ्या गावाचे काय होते?

हैदराबादहून नागपूरच्या रस्त्याला लागले की कामारेड्डीच्या पुढे इंदलवाई लागते. 1660च्या दशकात इकडून गेलेल्या तेवनो या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे की, येथे तलवारी, खंजीर व भाले मोठ्या संख्येने घडतात आणि हिंदुस्थानभर विकले जातात. लोखंडही जवळच्याच डोंगरातले. त्याच निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् आहे. बंद मुशीत लोखंड वितळवून तेथे जे पोलाद होई, तेच युरोपात ‘वुट्झ’ म्हणून गाजले आणि दमास्कस तलवारींच्या लाटांसारख्या नक्षीशी ज्याचे नाव जोडले गेले. भूशास्त्रज्ञ वॉयसीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते काम प्रत्यक्ष पाहिले. दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून मुशीत घालीत आणि भट्टी अहोरात्र फुंकीत. इस्फहानचा एक व्यापारी तेथे मुक्काम ठोकून मालाची खरेदी करीत होता. वॉयसी 1824 मध्ये वारला. त्याचे टिपण 1832 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पुढे तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही, कारखान्यांतले परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले आणि या भट्ट्या थंडावल्या. आज तेथे अभ्यासकांना सापडतात ते मळीचे ढीग आणि फुटक्या मुशी.

इटलीच्या ईशान्येस मानियागो नावाचे गाव आहे. 1453 मध्ये तेथे ओढ्याचे पाणी कालव्याने आणले गेले. त्यावर घण चालू लागले. लोहार आधी नांगर-कुऱ्हाडी करीत, मग तलवारी, मग बारीक सुऱ्या. 1907 मध्ये एका जर्मन उद्योजकाने यंत्रे आणून मोठा कारखाना काढला. टस्कनीतील स्कार्पेरिया 1306 मध्ये फ्लॉरेन्सने वसवले. तेथील सुरीकारांच्या संघाचे नियम 1538 चे आहेत. 1908 मध्ये इटलीच्या सरकारने टोकदार, चार सेंटिमीटरांहून लांब पात्याची सुरी विनाकारण बाळगण्यास बंदी केली, तेव्हा स्कार्पेरियाचा धंदा कोलमडला. कारागिरांनी काय करावे? त्यांनी टोक छाटलेल्या सुऱ्या काढल्या! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी कळ दाबताच उघडणाऱ्या स्टिलेटो घरी नेल्या, मागणी वाढली, आणि 1958 मध्ये अमेरिकेनेही त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. मानियागो तरीही बंद पडले नाही, कारण तोवर तेथे कात्र्या, स्वयंपाकाच्या सुऱ्या, शस्त्रक्रियेची हत्यारे, छाटणीच्या कातऱ्या तयार होत होत्या.

कायद्याचा फरकही लक्षात घ्यावा. आपल्याकडे 1959चा शस्त्र कायदा आणि त्याखालील 2016चे नियम पात्याची लांबी 9 इंच व रुंदी 2 इंच अशी मर्यादा घालतात, पण घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या हत्यारांना त्यातून वगळतात. कोयता सुटतो, खंजीर अडकतो.

इंदलवाईच्या लोहाराला विळा-कोयता येत नव्हता असे मुळीच नाही. खेड्यापाड्यांतले लोहार आजही ते करतात. पण कोनासमुद्रम् जे विकत होते ते होते पोलादाचे गोळे. त्यांच्या पात्यांवरची नक्षी, नाव आणि नफा इस्फहानला व दमास्कसला जाई. मानियागोच्या सुरीवर मानियागोचे नाव कोरलेले असते. संग्रहालयात पुढच्या वेळी जाल तेव्हा एखाद्या पात्यावर नक्षीच्या लाटा दिसल्या, तर शेजारची पाटी वाचावी: शस्त्र कोठले ते लिहिलेले असते, पोलाद कोठले ते बहुधा नसते.