पावले वीस, टेबल जागीच

न्हावा शेवा येथे १९८९ साली सुरू झालेल्या बंदरातील उंच क्रेन तुम्ही दुरून तरी पाहिल्या असतील. क्रेन रुळांवरून धक्क्याच्या कडेने सरकते, तिच्या आडव्या बाहूवरची ट्रॉली जहाजाकडे ये-जा करते आणि कंटेनर दोरांवर वरखाली होतो. परस्परांशी काटकोनात असलेल्या याच तीन हालचाली मिलिंग मशीनमध्ये असतात. तेथे कंटेनरऐवजी फिरणारे कटर असते, आणि हिशेब मिलिमीटरच्या शतांशात चालतो. १९५२ साली अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये अशा यंत्राला भोके पाडलेल्या फितीवरून आज्ञा दिल्या गेल्या. आज हे काम टेबलावर मावणारे, हाताने जुळवलेले यंत्रही करते.

त्याचे गणित सोपे आहे. स्टेपर मोटर विजेच्या प्रत्येक स्पंदाला १.८ अंश फिरते. म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. मोटरला जोडलेल्या स्क्रूचे दोन आटे २ मि.मी. अंतरावर असतील, तर एका पावलाला टेबल ०.०१ मि.मी. सरकते.

निदान कागदावर तरी! आमच्या विद्यार्थ्यांनी जुळवलेल्या यंत्राने अ‍ॅक्रिलिकमध्ये ४० मि.मी. व्यासाचे वर्तुळ कोरले, तेव्हा चार ठिकाणी ते चपटे निघाले. सर्वांनी प्रोग्रॅमला दोष दिला. प्रोग्रॅम बिनचूक होता.

एक बोल्ट घ्या, त्यावर नट चढवा आणि न फिरवता मागेपुढे हलवा. तो किंचित हलतो. आट्यांमधील ही ढिलाई म्हणजेच बॅकलॅश. वर्तुळावरील चार बिंदूंपाशी एकेका अक्षाची दिशा उलटते. तेथे स्क्रू फिरू लागतो. पण ढिलाई संपेपर्यंत टेबल जागचे हलत नाही. कॉम्प्युटर केवळ पाठवलेली पावले मोजतो, त्याला हे कळणार कसे?

आम्ही टेबलाला डायल गेज लावले, दिशा उलटवली आणि एकेक पाऊल टाकले. काटा हलला तो वीस पावलांनंतर! म्हणजे ०.२ मि.मी. ढिलाई. दिशा उलटताना वीस पावले जादा टाकायची, हा एक उपाय. परंतु कटरच्या ओढीने टेबल त्या ढिलाईत हलू शकते, म्हणून मला तो अपुरा वाटतो. आम्ही स्क्रूवर दोन नट बसवून त्यांना दूर रेटणारी स्प्रिंग मध्ये घातली. त्यामुळे एक नट आट्यांच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला टेकून राहतो. स्क्रू थोडा जड फिरतो, इतकेच.

आता आट्यांमधील अंतर ५ मि.मी. आणि ढिलाई तीच ०.२ मि.मी. असेल, तर किती पावले वाया जातील? आणि वर्तुळाचा चपटेपणा त्यामुळे कमी होईल का?