गिऱ्हाइकाला वायफाय दे, पण वेगळं

काहून एवढी घाबरलीस गं? नांदगाव पेठेच्या मार्केटात कपड्याचं दुकान उभं केलंस, लग्नसराईची गर्दी पेलतेस, तुला वायफाय आणि मोबाइल सांभाळणं जड नाही.

खरं सांगू का, येणाऱ्या-जाणाऱ्याला वायफायचा पासवर्ड सांगणं आधी बंद कर. बिलाचा कॉम्प्युटर, कॅमेरे आणि तुझा मोबाइल ज्या नेटवर्कवर आहेत, तिथे परका फोन नकोच. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते, गिऱ्हाइकांना ते दे. आणि बघ, जोडणी करणारा पोरगा गेला तरी सेटिंगचा पासवर्ड पुष्कळदा 'अ‍ॅडमिन'च राहतो. तो बदल. वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 ठेव, बटणानं जोडणी करणारं डब्ल्यूपीएस बंद कर. कामावरचा मुलगा सोडून गेला की पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा, तो कितीही गुणी असो.

वायफाय परक्याच्या हाती लागलं की काय होतं बघ. 26 जुलै 2008 ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून. तिथं राहणाऱ्याला पत्ताही नव्हता, पण चौकशी त्याचीच झाली. म्हणून एवढी मागे लागते तुझ्या.

मला जास्त काळजी आहे ती तुझ्या मोबाइलची. तो तुझा गल्ला आहे गं! तुझ्या धंद्यात लोक व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका पाठवणारच, आणि ठगांनी नेमकी तीच वाट धरली आहे. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या शेवटी 'एपीके' दिसलं तर ते अ‍ॅप असतं, उघडू नकोस, मग नंबर मामेसासऱ्यांचा का असेना. असं अ‍ॅप मेसेजमधला ओटीपी वाचतं. यूपीआयचा पिन आणि फोनचं लॉक एकच ठेवू नकोस. पोरांच्या हाती गेम खेळायला हा फोन तर अजिबात नको.

फोन हरवलाच तर रडत बसू नकोस. आधी सिम आणि बँकेचे व्यवहार बंद करायचे, मग पोलिसांत तक्रार, मग सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. त्याला आयएमईआय नंबर लागतो. फोन हातात असतानाच *#06# दाबलं की दिसतो. पैसे गेले तर थेट 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, शेजारच्या दुकानदाराला विचारण्याच्याही आधी.

आज शटर ओढायच्या आधी तो आयएमईआय वहीत लिही आणि राउटरचा पासवर्ड बदल. अडलं तर अकोल्याला मला फोन लाव, रात्री उशिरापर्यंत मी जागीच असते.